“ते गणित काढी टाका ना, मॅडम!”

“मॅडम, हिले गणित येतच नही. ते काढी टाका ना!”

अमळनेर तालुक्यातली एक आई नववीतल्या लेकीला घेऊन आली होती. 2024 ची दिवाळी नुकतीच झालेली, कापूस वेचणीला आलेला. अशा दिवसांत मजुरी बुडवून बाई येते, म्हणजे घरात बरंच काही घडून गेलेलं असतं. गणिताच्या तासाला मुलीच्या पोटात दुखायचं. सोनोग्राफीही झाली, काही निघालं नाही. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

हा प्रश्न घेऊन येणारे पालक बरेच असतात, म्हणून आधी सरळ उत्तर. राज्य मंडळाच्या दहावीला गणित असं सोडता येत नाही. पूर्वी ‘सामान्य गणित’ होतं, ते गेलं. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. तसं काही झालं नाही. सीबीएसईत 2020 पासून दहावीला ‘बेसिक’ गणिताचा सोपा पेपर घेता येतो, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या या पोरीला त्याचा काय उपयोग?

आईचा चेहरा उतरला. मी मुलीपुढे कागद सरकवला: 1/2 + 1/3.

तिने लगेच लिहिलं, 2/5.

“अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी एक तुकडा खाल्लास. अर्ध्याहून जास्त झाली की कमी?”

“जास्त.”

“मग दोन पंचमांश?”

तिने गोल काढला, पाच भाग पाडले, दोन रंगवले. बराच वेळ त्याकडे बघत राहिली. “हे तर अर्ध्याहून कमी आहे...” पोटदुखी मला तिथे सापडली. ती पाचवीत होती 2020-21 मध्ये. शाळा बंद, घरात एकच फोन, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतात. अपूर्णांकांची बेरीज ती शिकलीच नव्हती. पुढची चार वर्षं त्या खड्ड्यावर मजले चढत गेले. यात ‘डोकं नाही’ कुठे आलं?

तिथे काही सापडलं नसतं, सरावानंतरही आकड्यांशीच झगडा राहिला असता, तर मी अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवली असती. तसं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळ सवलती देतं, आणि त्या घेण्यात कमीपणा नाही.

ऐच्छिक करण्याला माझा सरसकट विरोध नाही. सोपा पेपर राज्य मंडळानेही द्यावा, असं मला वाटतं. पण पूर्ण सोडायची मुभा नववीत दिली, तर सोडणार कोण? ज्यांना घरी शिकवणारं कुणी नाही, तीच पोरं. आणि ‘पोरगीले काय करनं गणित’ म्हणणारे बाप तर सही करायला तयारच बसलेत.

तिच्या गणिताच्या सरांना भेटले. ते आधी वैतागले, पोर्शन राहिला होता. शेवटी एवढं मान्य झालं: दीड महिना तिला फळ्यापाशी बोलवायचं नाही. रोज वीस मिनिटं पाचवीचं पुस्तक, मोठ्या चुलतबहिणीबरोबर. आईचं काम एकच, ‘किती मार्क पडले’ हे विचारायचं नाही. तेच सगळ्यात अवघड गेलं.

नववी निघाली, गणितात काठावर. चाचणीच्या आदल्या रात्री पोट अजून दुखतं. अकरावीला आर्ट्स घ्यायचं तिने ठरवलंय; तिथे गणित आपोआप सुटेल, आणि त्याला माझी हरकत नाही.