प्रसाद उजवा झाला, पण गाऱ्हाणं कोणाचं होतं?

(पत्र थोडक्यात: फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय. मुलगा बारावी विज्ञानला, पहिल्या सत्रात ६८ टक्के. रात्री जागून भयपटांची पोस्टरं करतो. 'मानशीपलीकडे' नावाच्या, फक्त त्याच्या डोक्यात असलेल्या चित्रपटाचं पोस्टर त्याने खोलीत लावलं आणि आठवड्याभरात आजी न्हाणीघरात घसरून पडली. वडिलांनी पोस्टर उतरवलं, मुलाची दृष्ट काढली, चित्रं काढायचा पेन टॅबलेट कपाटात कुलूपबंद केला आणि देवीकडे प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल मागितला. "इंजिनिअरिंगला घालू का?" याला उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार आला. त्याला महिना झाला, मुलगा घरात धड बोलत नाही. वडील स्वतः दर वर्षी जत्रेच्या नाटकात काम करतात. सोबत पोस्टरचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. प्रश्न एकच: हे वेड याच्या डोक्यातून कसं काढायचं?)

नमस्कार.

तुमच्या पत्रात टक्क्यांचा उल्लेख चार वेळा आहे, पण मी अडकलो ते दुसऱ्याच एका वाक्यावर. "आजीचं असं कशामुळे झालं, हे आता त्यालाही कळून चुकलंय." काय कळून चुकलंय? आपण चित्र काढलं म्हणून आजीचं हाड मोडलं, हे? सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तुम्ही केवढं ओझं ठेवलंय, याचा अंदाज तुम्हाला अजून आलेला दिसत नाही. आजीच्या पायाखाली पाणी असेल, साबण असेल, पावसाळ्यात धरलेलं शेवाळ असेल. पोस्टर नव्हतं. ते भिंतीवर होतं, दुसऱ्या खोलीत.

हे तुम्ही त्याला तोंडाने सांगा, आणि आजच सांगा. "बरं, जाऊ दे आता" असं नव्हे. "तुझ्यामुळे झालं नाही, मी चुकीचं बोललो" इतकं स्पष्ट. शक्य असेल तर आजीच्या खाटेशेजारी बसून, तिच्या देखत. त्यानंतरही तो जेवत नसेल, झोपत नसेल, तर त्याच्या उच्च माध्यमिक विद्यालयातल्या समुपदेशकांना भेटा किंवा सरळ डॉक्टरांकडे जा. करिअरचा विषय त्याच्या मागून येतो. आधी मूल बोलतं करा, मग त्याला कुठे घालायचं ते बघू.

आता प्रसादाचं. देवीचा कौल हा तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी पडत नाही. पण गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढचं मागणं, काय घातलंत ते तुम्हीच लिहिलंय. "याला काय जमेल?" असं तुम्ही विचारलं नाहीत. "याला सुखात ठेव" असंही म्हटलं नाहीत. तुम्हाला हवं असलेलं उत्तर आधी ठरवून, त्यावर होकार मागितलात. आणि ज्याला चार वर्षं तिथे बसायचंय, तो गाऱ्हाणं घालताना देवळात होता का? पत्रावरून तरी वाटत नाही. ६८ टक्क्यांत इंजिनिअरिंगचा प्रवेश कुठे ना कुठे मिळेल, त्यासाठी देवीला त्रास द्यायची गरज नव्हती. प्रवेश मिळाल्यावर दुसऱ्या सत्रातलं गणित कोण सोडवणार, हा खरा प्रश्न. पत्रात त्याच्या गणिताचे मार्क तेवढे नेमके वगळलेत.

तुमच्या पत्रात आणखी एक समज आहे, आणि मला वाटतं तो तुमच्या मुलाचाही आहे: पोस्टर करणं म्हणजे चित्र काढणं. तुम्हाला वाटतं, चित्रं काढून पोट भरत नाही. त्याला वाटतं, चित्र जितकं भयंकर तितकं पोस्टर चांगलं. दोन्ही खोटं. पोस्टर म्हणजे अक्षर, मोकळी जागा, नजर कुठून कुठे जाईल याचा क्रम आणि छपाई. चित्र हा त्यातला एक हिस्सा, कधी कधी सगळ्यात छोटा. तुम्ही नाटकवाले आहात, म्हणून तुम्हाला हे लवकर पटेल. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी नावं रेखाटली, त्यांत पुष्कळदा चित्र नसायचंच. नाटक गंभीर आहे की फार्स, हे अक्षराच्या वळणावरून कळायचं. आणि चित्राने पोट भरत नाही म्हणता, तर दीनानाथ दलाल मूळ मडगावचे. त्यांच्या मुखपृष्ठांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली पुस्तकांची कपाटं भरली आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. हा धंदा आहे, त्याला मापं आहेत, मुदती आहेत. "आता एआय पाच मिनिटांत करतं," असं तुम्ही लिहिलंय. चित्र करतं, खरंय. पण निर्मात्याने "चंद्र काढा, नाव मोठं करा, आणि हेच आता आडव्या होर्डिंगला बसवा" म्हटलं की काय हलवायचं आणि काय नाही, हे ठरवणारं माणूस लागतं. नुसतं सुंदर चित्र काढणाऱ्याचं काम त्यामुळे कमी होईल, हेही तितकंच खरं.

आता तुम्ही पाठवलेलं पोस्टर. हा पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

तुझं पोस्टर मी नीट पाहिलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मानस म्हणजे खाजनाच्या, खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधातला, भरती-ओहोटीबरोबर उघडझाप होणारा पाण्याचा दरवाजा. विषय फार चांगला निवडलास. हा विषय नारळ, समुद्र आणि पडक्या पोर्तुगीज घरांतून आलेला नाही, तुझ्या पायाखालचा आहे. पण त्या मानशीवर तू चंद्र, घुबड, कवटी, रक्ताळलेला पंजा, पांढऱ्या साडीतली केस सोडलेली बाई आणि लाल डोळे एवढं सगळं चढवलंयस. बघणाऱ्याला काय होणार ते सगळं कळतं, मग त्याने घाबरायचं कशाला? १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'चं पोस्टर बघ. भूत कुठेच नाही. टोपी घातलेला एक माणूस बॅग घेऊन घरासमोर उभा आहे, वरच्या खिडकीतून त्याच्यावर उजेड पडतोय, बस. आत काय आहे ते तुझं तू ठरव.

बाई नेटवरच्या फोटोतून उचललेली आहे, हे लगेच कळतं. केसांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या आहेत. शिवाय तिच्या गालावर उजेड उजवीकडून येतो आणि तुझा चंद्र आहे डावीकडे. बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण त्याला ते खोटं वाटतं, आणि खोटं वाटलं की भीती गेली. उजेड एकाच जागेहून येऊ दे आणि सगळ्या सावल्या त्याच्याच हिशेबात पडू देत. दुसऱ्याचा फोटो परवानगीशिवाय वापरलास तर विकाऊ कामात कायद्याची अडचण येते, ती वेगळीच. फाँटचंही तसंच. फुकट उतरवलेल्या पुष्कळ फाँटवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' अशी अट असते.

शीर्षक. रक्त ठिबकणारी अक्षरं रोमन लिपीत एक वेळ चालतात, देवनागरीत ती मात्रा-वेलांट्या गिळतात. तुझ्या पोस्टरवर 'मानशीपलीकडे' मधल्या दोन्ही वेलांट्यांचे ओघळ खालच्या पाण्यात मिसळलेत आणि दोन हातांवरून मी ते 'मानशपलकडे' असं वाचलं. ओघळ विसर. आपल्याकडे शिरोरेखा आहे, तिच्याशी खेळ. सगळी अक्षरं तिला टांगलेली असतात. ती एकाच ठिकाणी तुटली, किंवा बांधासारखी एका टोकाला खचली, तरी काम होतं. शीर्षक हाताने रेखाट, निदान पंधरा वेळा. 'श' आणि 'क'च्या पोटातली पांढरी जागा भरून जात नाही ना, हे प्रत्येक वेळी छोटं करून तपास.

रंग. काळ्यावर गडद लाल ही प्रत्येक नवशिक्याची पहिली चूक. चित्र कृष्णधवल करून बघ: तुझं शीर्षक जवळपास नाहीसं होतं, कारण त्या लालची आणि काळ्याची उजळता सारखीच पडते. संध्याकाळी कमी उजेडात डोळ्याला लाल आणखी काळपट दिसतो, म्हणजे भिंतीवर परिस्थिती अजून वाईट. शीर्षक मळकट पांढऱ्यात ठेव. लाल ठेवायचाच असेल तर नखाएवढा, एकाच जागी.

आणि छपाई, जी तू अजून केलेलीच नाहीस. स्क्रीनवरचा काळा कागदावर येत नाही. नुसती काळी शाई शंभर टक्के दिली तर मोठ्या जागेवर ती राखाडी, धुतल्यासारखी दिसते. म्हणून छपाईच्या चारही शाया टक्क्यांत मिसळून सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, काळा १०० असं मिश्रण देतात, बेरीज २४०. पण चारही शाया शंभर-शंभर केल्यास तर ४०० टक्के शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला चिकटते. त्या मिश्र काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं टाकलीस आणि प्लेट केसभर सरकली, की अक्षरांना रंगीत कडा येतात आणि बारीक रेघा बुजतात. बारीक मजकूर आठ पॉइंटच्या खाली नेऊ नकोस, आणि नाजूक वळणाचा फाँट तर नकोच. अंधारातले तपशीलही छपाईत बुजतात, कारण शाईचा ठिपका कागदावर पसरतो. स्क्रीनवर तुला बांधाचा जो दगड जेमतेम दिसतो, तो कागदावर दिसणारच नाही. सावल्या मनाला पटतात त्याहून एक पायरी उघड्या ठेव. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र सोड. २७ बाय ४० इंच हे अमेरिकेतलं रूढ माप ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ८१०० बाय १२००० पिक्सेल होतं. तुझा कॉम्प्युटर तिथे रडणार, म्हणून निम्म्या मापात काम कर. लांबून बघायच्या पोस्टरला तेवढं पुरतं.

खाली श्रेयनामावलीला जागाच ठेवलेली नाहीस. खऱ्या कामात ती नावं करारात ठरलेली असतात, त्यांचा क्रमही, आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची श्रेणीही जाहिरातीत दाखवावी लागते. तळाचा सातवा-आठवा हिस्सा आधीच बाजूला काढायचा, मग चित्राला हात लावायचा.

पुढच्या वेळी कॉम्प्युटर उघडण्याआधी २ बाय ३ इंचाच्या चौकटीत पेन्सिलीने पंचवीस कच्ची रेखाटनं कर. प्रत्येकाला चार मिनिटं, आणि फक्त तीन छटा: काळी, राखाडी, पांढरी. पहिली आठ-दहा सगळ्यांना सुचतात तीच निघतील, ती निघून जाऊ देत. उरलेल्यांतून तीन निवड, मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढी करून बघ, कारण ओटीटीवर बहुतेक लोक पोस्टर त्याच मापात बघतात. मग डोळे किलकिले करून बघ. त्यात जे टिकेल, तेच मोठं कर. ही वही फेकू नकोस. निवड करणारे पक्क्या चित्राइतकंच हेही बघतात.

आणि बारावी सोडण्याचा विचार डोक्यात असेल तर तो काढ. पदवीचा दरवाजा तिच्याशिवाय उघडत नाही. परीक्षा संपेपर्यंत पोस्टरला आठवड्याला चार तास, तेही दिवसाउजेडी. मध्यरात्री केलेलं भयंकर पोस्टर सकाळी बहुतेक वेळा नुसतं अंधारलेलं निघतं.

बाबांसाठी पुन्हा. वाटा सांगतो, एका दमात: पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय, तिथे उपयोजित कलेची (जाहिरात, अक्षररचना, छपाई यांसाठीच्या कलेची) चार वर्षांची पदवी, प्रवेशाला कल चाचणी, बाहेर मुंबईचं जे. जे., एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था, आणि आयआयटींतल्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, जिचे अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. माझी पसंती आल्तिनोची. घर जवळ आहे, आणि या मुलाला अक्षररचना आणि छपाईची शिस्त लागणं जास्त गरजेचं आहे.

तुम्हाला गोड वाटेल असं काही सांगत नाही: गोव्यात राहून फक्त चित्रपटांची पोस्टरं करून संसार चालणार नाही. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत होतो, बहुतेक नोव्हेंबरात, पण तो महोत्सवच, तिथून रोजचं काम मिळत नाही. चित्रपटाचं काम मुंबईत. इथे हॉटेलं, काजूचे डबे, बिल्डरांची पत्रकं. तीच कौशल्यं तिथेही लागतात, म्हणून मी 'भयपटाचं पोस्टर' हे करिअर म्हणून सुचवत नाहीये. 'उपयोजित कला' सुचवतोय. भयपट ही त्याची आवड, ती राहू द्या. इफ्फीच्या दिवसांत मात्र त्याला एक दिवस घेऊन जा. रस्त्याच्या पलीकडून कोणत्या पोस्टरचं नाव वाचता येतं आणि कोणत्याचं नाही, एवढंच वहीत लिहून आणायला सांगा.

आणि तरीही खात्री नसेल तर परीक्षा घ्या, पण देवळात नको. यंदाच्या जत्रेच्या नाटकाचं पोस्टर त्याला करू द्या. १२ बाय १८ इंच, भुतं नाहीत, तुमच्या मंडळाची सगळी नावं बिनचूक, आणि छापखान्यात तो स्वतः उभा राहणार. मंडळातले पाच जण पाच सूचना करतील. त्या ऐकून घेऊन काय बदलायचं आणि काय नाही, हे त्याला ठरवता येतं का, ते बघा. तिथे तो वैतागून पळाला, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरं काही शोधू.

टॅबलेटचं कुलूप काढा. देताना त्याला एक गोष्ट विचारा, मलाही त्याचं उत्तर हवंय. पोस्टरच्या डाव्या कोपऱ्यात, बाईच्या पदराखाली जवळजवळ झाकलेलं, पाण्यात कंदिलाचं प्रतिबिंब आहे. लाटेवर लांबट झालेला पिवळा पट्टा, अगदी बरोबर काढलाय. वर बांधावर मात्र कंदीलच नाही. त्या सगळ्या पसाऱ्यात मला दचकवलं ते तेवढ्याच एका गोष्टीने. त्याने तो कंदील मुद्दाम गाळला, की काढायचा राहून गेला?