मोहावीत मालगाड्या आणि वाळू: तीन दिवसांचा बेत

नोव्हेंबरच्या मध्यात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात मालगाड्यांचे फोटो काढायला लास वेगासहून भाड्याच्या गाडीने तीन दिवस, सोबत २४-७० आणि १००-४०० मिलिमीटरच्या लेन्स, आणि टेहाचापीपासून नीडल्सपर्यंत सगळं बघायचंय, असं तुम्ही लिहिलंय. त्यातून टेहाचापी आधी वगळा. १८७६ सालचा तिथला लूप, म्हणजे रुळांचा स्वतःवरूनच जाणारा वेढा, अप्रतिमच आहे, साधारण १२०० मीटरपेक्षा लांब मालगाडी तिथे स्वतःच्याच शेपटावरून जाते. पण ते डोंगरातलं ठिकाण, बार्स्टोच्याही बरंच पश्चिमेला. जाण्यायेण्यातच एक दिवस मोडेल. वाळवंट आणि रेल्वे दोन्ही हवं असेल तर केल्सो आणि अँबॉय एवढंच धरा. मालगाडीचा पाठलाग करू नका. उजेड बघून जागा पकडा आणि तिथेच थांबा.

पहिला दिवस केल्सोचा. बेकरला टाकी पूर्ण भरा, कारण पुढे मोहावी प्रिझर्व्ह या संरक्षित क्षेत्रात पेट्रोल पंप नाही. मोबाइलची रेंजही बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. माणशी रोज चार लिटर पाणी ठेवा. रस्ते पुराने बंद पडतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसचं पान बघा. केल्सोच्या दक्षिणेला आठेक मैलांवर वाळूच्या टेकड्यांचा फाटा लागतो, पुढे तीन मैल कच्चा रस्ता. सर्वांत उंच टेकडी जवळपास २०० मीटर आहे, जाऊन-येऊन तीनेक मैल. सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो, तेव्हा तीनला चढायला लागा. वाळूवरच्या लाटांना खोल सावली येते ती शेवटच्या तासात. वर लेन्स बदलू नका. गाडीतच, पंखा बंद करून, काय लावायचं ते लावून निघा. वाळू बसली तर आधी ब्लोअर. कापड फिरवलंत तर काचेवर ओरखडे पडतील.

दुसरा दिवस अँबॉयचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. रात्री लडलो किंवा ट्वेंटीनाइन पाम्सला मुक्काम करा. इथली बीएनएसएफ या रेल्वे कंपनीची लाइन दुहेरी आणि गजबजलेली आहे. स्टेशनांची नावं पूर्वेकडे इंग्रजी वर्णानुक्रमाने जातात: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. अँबॉयच्या पूर्वेला जुन्या रूट ६६ महामार्गावरचे लाकडी पूल पुरात खराब झालेले आहेत, त्या भागातून जाण्याचा बेत चौकशी केल्याशिवाय आखू नका. नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो आणि लाइन ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभे राहा, नाहीतर डबे काळे येतील.

इथे फसवते ती तापलेली हवा. सपाटीवर गाडी मैलोन्‌मैल आधी दिसते, पण ४०० मिलिमीटरमधून पाहिलं की इंजिनाचा वरचा दिवा आणि खालचे दोन दिवे वितळून एकच थरथरता ठिपका होतो. गाडी जागीच उभी आहे असं वाटतं. तेव्हा घेतलेले फोटो कितीही महाग लेन्स असली तरी मऊच येणार, कारण दोष रुळांवरच्या हवेच्या थराचा आहे. तीन दिव्यांचा त्रिकोण सुटा दिसू लागेपर्यंत थांबा आणि मगच शटर दाबा. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी तीननंतर हा त्रास कमी होतो. एरवी थोडं उंचावर जा. अँबॉय क्रेटर हे ज्वालामुखीचं विवर चढायला दुपार चांगली, वरून लांबलचक गाडी आख्खी मावते.

एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा. गाडीचे दिवे चौकटीत आले की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर घाबरतो आणि फोटो काळवंडतो. उतरत्या उन्हात १/१०००, एफ ५.६, आयएसओ ४०० इथून सुरुवात करा. नुसत्या वाळूला मीटरपेक्षा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या, पण नारिंगी इंजिन येणार असेल तर लाल चॅनेलचा हिस्टोग्राम, म्हणजे लाल रंगाच्या उजेडाचा आलेख, बघून थोडं कमी करा.

तिसऱ्या सकाळी केल्सो ते सायमा. इथे २.२ टक्के चढ आहे. आपल्या कसारा घाटात बँकर, म्हणजे चढाला जोर देणारी जादा इंजिनं, लावतात तशी वाफेच्या काळात इथे मदतीची इंजिनं केल्सोहून लागायची, १९२४ चं स्टेशन त्याच काळातलं. या मार्गावर युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या गाड्या कमी, दोन-तीन तास रिकामे जाऊ शकतात. चढणारी गाडी सावकाश येते, त्यामुळे १/६० ला पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करून बघा.

रुळांलगतची खडीची वाट रेल्वे कंपनीची खासगी जागा आहे. तिच्यावर गाडी घालू नका, चालूही नका. सार्वजनिक रस्ता आणि फाटकाबाहेरची जागा पुरेशी आहे. ड्रोन घरीच ठेवा, प्रिझर्व्हमध्ये उडवायला बंदी आहे.