कोळशावरचा कर आणि शिलाई मशीनचं बिल

प्रश्न : मी चंद्रपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, घरीच शिवणकाम करते. महिन्याला नव्वदेक युनिट वीज लागते. गच्चीवर पांढरे कपडे वाळत घातले की संध्याकाळी त्यांवर काळी भुकटी बसलेली असते. धूर वीज केंद्राचा नि कारखान्यांचा, मग कार्बन टॅक्सचा, म्हणजे धूर करणाऱ्या इंधनावरच्या कराचा, भुर्दंड आमच्यावर का? कॅनडातला भाचा म्हणतो, तिकडे हा कर घरच्यांना परत मिळायचा. खरं का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : ताई, भाच्याचं खरं आहे. पण आधी तुमचं बिल बघू.

‘कार्बन टॅक्स’ अशी ओळ आपल्या बिलात कधीच नव्हती. कर मात्र होता. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला, २०१६ मध्ये तो ४०० झाला. वीजबिलांच्या हिशेबात माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून आकडा मांडूनच सांगतो. कोळशाच्या एका युनिट विजेला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. युनिटमागे पाव रुपयाहून थोडं जास्त. नव्वद युनिटांना महिन्याचे चोवीस-पंचवीस रुपये. शिवाय वीज शुल्क लागतं ते एकूण आकारावर, म्हणजे करावरही कर.

वीज केंद्राने उपकर भरला, तो विजेच्या दरात धरला आणि वितरण कंपनीने तुमच्या बिलात उतरवला. मोठा कारखानदारही वाढलेलं वीजबिल मालाच्या किमतीत बसवायला बघतो. तुम्ही ब्लाउजच्या शिलाईत वाढवून बघा, गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाईल. रांगेत शेवटी जो उभा, त्याच्यामागे बोजा सरकवायला कुणी नसतं.

कर नकोच, असं मी म्हणणार नाही. कोळसा स्वस्तात जळत राहिला तर तुमच्या गच्चीवरची भुकटी हटायची नाही. माझा संताप आहे तो पैसा गेला कुठे यावर. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकराचे ८६,४४० कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जा निधीत वळते झाले २९,६४५ कोटी आणि प्रकल्पांपर्यंत पोचले जेमतेम १५,९११ कोटी. २०१७ पासून तर तेवढाच उपकर जीएसटीमुळे राज्यांना आलेली तूट भरायला लावला. राज्यांना पैसे मिळायलाच हवेत, पण ते धुराच्या नावाने तुमच्याकडून का घ्यावेत? २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

आता कॅनडा. ऑन्टारिओसारख्या प्रांतांत २०१९ पासून पेट्रोलवर आणि घर तापवायच्या गॅसवर कर होता. त्यातला सुमारे ९० टक्के पैसा कुटुंबांच्या खात्यात परत जायचा. २०२४-२५ मध्ये ऑन्टारिओतल्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाचे १,१२० डॉलर मिळाले. इंधन कमी जाळणाऱ्या घराला भरल्यापेक्षा जास्तच परत येत. तरी लोकांच्या मनात राहिला तो पंपावरचा भाव. १ एप्रिल २०२५ पासून घरगुती कर शून्य झाला. मोठ्या उद्योगांवरचा कायम आहे, मात्र तोही नेमून दिलेल्या पातळीच्या वरच्या धुरापुरताच.

माझं मागणं साधं आहे. कोळशावरच्या करातला वाटा शंभर युनिटांच्या आतल्या घरांना बिलातच वजा करून द्या, वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत, म्हणजे तो दिसेल. ‘सोलर बसवा’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. छप्पर घरमालकाचं असताना तुम्ही पॅनेल बसवणार कुठे?

गेल्या तीन महिन्यांच्या बिलांवरची ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ शोधा. इंधनाच्या खर्चाचा चढउतार तिथेही पडतो. ग्राहक क्रमांक झाकून बिलांचे फोटो मासिकाकडे पाठवा, ओळ न् ओळ लावून सांगतो.