सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. जिममध्ये कमावलेलं अंग उतरेल का?

पळण्याने उतरत नाही, उपाशी पळण्याने उतरतं. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकाच्या प्रयोगात वजनं आणि कार्डिओ दोन्ही एकत्र करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यानंतर वाढायची थांबली, पुढे घटली. पण ती मंडळी आठवड्यातून ५ दिवस वजनं आणि ६ दिवस जोरदार कार्डिओ करत होती! एवढं कोण करतंय?

छाती, पाठ, दंडांची काळजी सोडा; ओढाताण होते ती पायांची. म्हणून स्क्वॉट आणि लांब रन लागोपाठच्या दिवशी नकोत. मी तर सांगेन, वेगाचा रन सकाळी आणि लेग्ज (पायांचा व्यायाम) त्याच संध्याकाळी. मध्ये ६-७ तास आणि पोटभर जेवण. मग दुसरा दिवस खरोखर हलका जातो. शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढायचा तर लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणं) आणि काफ रेझ (टाचा उचलणं) सोडूच नका, फक्त शर्यतीच्या आठवड्यात उचलायची वजनं कमी करा.

प्रोटीन रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ७० किलोला साधारण ११२ ग्रॅम. वरण-भातावर ते होत नाही. शाकाहारी असाल तर ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५ ग्रॅमच्या आसपास देतात, आणि पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.