सिगारेटचा धडा बंदुकीला लागू पडतो का?

प्रश्न : अमेरिकेत करवाढ आणि जनजागृतीच्या जोरावर धूम्रपान आटोक्यात आले. मग त्याच उपायांनी तिथला बंदुकांचा प्रश्न का सुटू नये?

उत्तर : ही तुलना अगदीच गैरलागू नाही, मात्र आपण ज्या करावर भिस्त ठेवता आहात, तीच तिची सर्वांत लंगडी बाजू आहे. सिगारेट ओढणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते, त्यामुळे २००९ मध्ये केंद्रीय कर पाकिटामागे ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंटवर गेला, तेव्हा त्याची झळ प्रत्येक खरेदीला बसली. बंदूक मात्र एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि लोकांच्या घरात आधीच असलेल्या कोट्यवधी बंदुकांना नवा कर शिवतही नाही. काडतुसे संपतात हे खरे, पण घात व्हायला एकच पुरते. शिवाय बंदुकांवर तिथे १९१९ पासून १० ते ११ टक्के कर आहेच. त्याचे उत्पन्न पुढे वन्यजीव संवर्धनाकडे वळवले गेले, हा त्यातला गमतीचा भाग.

कायद्याचीही अडचण आहे. बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले. सिगारेटला असे कवच कधीच नव्हते. तंबाखू कंपन्यांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपायी १९९८ मध्ये ४६ राज्यांशी अब्जावधी डॉलरची तडजोड करावी लागली, तर बंदूक उत्पादकांना २००५ च्या कायद्याने काही अपवाद वगळता अशा दाव्यांपासून संरक्षण दिले.

माझ्या मते उचलण्याजोगा धडा वेगळाच आहे. सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, यांच्या १९६४ च्या अहवालाने धूम्रपानाचे धोके सांगितले, तरीही ‘माझी फुप्फुसे, माझी मर्जी’ हा युक्तिवाद पुरता संपला नव्हता. धूम्रपान न करणाऱ्यांनाही दुसऱ्याचा धूर बाधतो, असे १९८६ च्या अहवालाने ठामपणे मांडल्यावर त्या युक्तिवादातली हवा गेली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे घराच्या रक्षणासाठी आणलेल्या शस्त्राचा धोका बरेचदा घरातल्याच माणसाला असतो. ही गोष्ट घरोघर पोहोचली, तर बंदूक कुलपात ठेवायला किंवा कुटुंबातले कोणी खचलेले असताना ती काही काळ घराबाहेर ठेवायला बंदूकधारकही तयार होऊ शकतील, आणि त्यासाठी कोणाच्या हक्काला हात लावावा लागणार नाही.