य² = क्ष³ ची जेट स्कीम हाताने कशी काढायची, आणि काढून कळतं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जेट स्कीम आणि आर्क स्पेस घेतलंय, व्याख्या पाठ आहे, पण एखाद्या साध्या वक्रावरसुद्धा गणित पुढे सरकत नाही आणि या सगळ्याचा सिंग्युलॅरिटीशी (वक्र किंवा पृष्ठभाग जिथे गुळगुळीत नसतो त्या बिंदूशी) संबंध लागत नाही.

व्याख्या बाजूला ठेवा, वही घ्या. खाली अक्षराला चिकटलेला आकडा हा खालचा अंक समजा.

क्ष = क्ष० + क्ष१·ट + क्ष२·ट² + … असं ट^म पर्यंत लिहा, य साठीही तसंच. दोन्ही समीकरणात घाला, ट^(म+१) आणि पुढचं सगळं शून्य माना, आणि ट च्या प्रत्येक घाताचा सहगुणक शून्य करा. जी समीकरणं मिळतात ती म-वी जेट स्कीम. घात ० पासून म पर्यंत जातात, म्हणून समीकरणं म+१ आणि चलं २(म+१). बरेच जण म समीकरणांवरच थांबतात आणि पुढे मिती जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

पहिली चार समीकरणं:

य०² = क्ष०³
२·य०·य१ = ३·क्ष०²·क्ष१
२·य०·य२ + य१² = ३·क्ष०²·क्ष२ + ३·क्ष०·क्ष१²
२·य०·य३ + २·य१·य२ = ३·क्ष०²·क्ष३ + ६·क्ष०·क्ष१·क्ष२ + क्ष१³

आरंभबिंदू सोडला तर वक्र गुळगुळीत आहे. तिथल्या जेटांची मिती म+१ येते, तिथे बघण्यासारखं काही नाही. त्या भागाच्या क्लोजरला (तो भाग आणि त्याचे सीमाबिंदू) मुख्य घटक म्हणू. खरी गंमत आरंभबिंदूवरच्या फायबरमध्ये, म्हणजे आरंभबिंदूतून निघणाऱ्या जेटांमध्ये आहे, म्हणून क्ष० = य० = ० घालूनच पुढे चला.

म = १ ला उरलेली अट शून्य. क्ष१, य१ दोन्ही मोकळे, मिती २. म = २ ला य१² = ०, म्हणजे य१ = ०; मोकळे क्ष१, क्ष२, य२, मिती ३. म = ३ ला क्ष१³ = २·य१·य२ = ०, म्हणून क्ष१ ही गेला; मिती ४. म = ४ ला य२² = ०; मोकळे क्ष२, क्ष३, क्ष४, य३, य४, मिती ५. इथपर्यंत दर वेळी म+१, म्हणजे फायबर मुख्य घटकाइतकाच मोठा आणि म्हणून वेगळा घटक. आता म = ५. ट⁵ च्या सहगुणकातल्या प्रत्येक पदात य१, क्ष१ किंवा य२ यांपैकी कोणीतरी आहेच, त्यामुळे नवी अट येतच नाही. मोकळे क्ष२ ते क्ष५ आणि य३ ते य५: मिती ७. मुख्य घटकाची मिती मात्र ६. सिंग्युलर बिंदूवरचा फायबर मूळ वक्राच्या जेटांपेक्षा मोठा झाला!

पुढे हाताने रेटू नका. म ≥ ६ असेल तर क्ष = ट²·उ, य = ट³·व लिहिता येतं आणि समीकरण ट⁶(व² − उ³) होतं. म्हणजे फायबर हा (म−६)-वी जेट स्कीम गुणिले सात मोकळी चलं (हे रिड्यूस्ड पातळीवर, म्हणजे य१² = ० ला नुसतं य१ = ० मानून). म = ११ ला ७ + ७ = १४, म = १७ ला २१.

या आकड्यांचं करायचं काय? गणितज्ञ मिर्चा मुस्तात्साचं सूत्र आहे: लॉग कॅनॉनिकल थ्रेशोल्ड (सिंग्युलॅरिटी किती वाईट ते सांगणारा आकडा, लहान म्हणजे जास्त वाईट) = भोवतालच्या अवकाशाची मिती वजा (जेट स्कीमची मिती ÷ (म+१)) याची सगळ्या म वरची कमाल. इथे कमाल ७/६ (म = ५, ११, १७ ला), म्हणून २ − ७/६ = ५/६. कस्पचा (य² = क्ष³ च्या या टोकाचा) थ्रेशोल्ड ५/६ हे एरवी तीन ब्लो-अप (बिंदूच्या जागी रेषा घालून वक्र उलगडणं) करून मिळतं. इथे फक्त चलं मोजली. भागाकार म ने नव्हे, म+१ ने. आणि वजाबाकी २ मधून, वक्राच्या मितीतून, म्हणजे १ मधून, नव्हे. उत्तर चुकलं की बहुधा या दोनपैकी एक झालेलं असतं.

आता आर्क. आर्क म्हणजे ट ची न तोडलेली, अनंत मालिका. जेट आणि आर्क यांतला फरक क्ष·य = ० वर सगळ्यात स्वच्छ दिसतो. हा आपला नाशिकचा द्वारका चौक समजा. चौकात तिरक्या उभ्या रिक्षाचा एक फोटो काढला तर ती ४५ अंशांत निघालेली दिसेल, पण तिकडे रस्ताच नाही. क्ष१ = य१ = १ हा असाच जेट: म = १ ला चालतो, म = २ ला क्ष१·य१ = ० पुढे मरतो. म-व्या जेट स्कीमला इथे म+२ घटक आहेत, सगळे म+१ मितीचे; आर्क स्पेसला मात्र दोनच, प्रत्येक रस्त्याचा एक. (द्वारकेवरचा उड्डाणपूल म्हणजे या सिंग्युलॅरिटीचं रिझोल्यूशन, म्हणजे रस्ते सुटे करून ती घालवणं, खाली कोंडी असली तरी.) तेव्हा प्रकल्पात ‘प्रत्येक जेट आर्कपर्यंत वाढतो’ असं वाक्य चुकूनही लिहू नका, ते गुळगुळीत बिंदूंवरच खरं.

पृष्ठभागांवर एक तुलना जरूर घ्या. क्ष·य = झ² चा आरंभबिंदूवरचा फायबर २म+१ मितीचा, मुख्य घटक २म+२ चा; फायबर कायम एकाने कमी पडतो आणि जेट स्कीम इर्रिड्यूसिबल (एकाच घटकाची) राहते. क्ष³ + य³ + झ³ = ० ला म = २ वर आरंभबिंदूपाशी एकही अट लागत नाही, फायबर ६ मितीचा, मुख्य घटकही ६ चा. झाली फूट. मुस्तात्साने २००१ मध्ये सिद्ध केलं की लोकल कम्प्लीट इंटरसेक्शनसाठी (एकाच समीकरणाचे हे दोन्ही पृष्ठभाग त्यातलेच) सगळ्या जेट स्कीम इर्रिड्यूसिबल असणं आणि सिंग्युलॅरिटी रॅशनल (एका सौम्य प्रकारची) असणं ही एकच गोष्ट (कॅरॅक्टरिस्टिक ० मध्ये, म्हणजे संमिश्र संख्यांसारख्या क्षेत्रावर). पहिला पृष्ठभाग पास, दुसरा नापास.

आर्कच्या बाजूला गणितज्ञ जॉन नॅशचा प्रश्न आहे: सिंग्युलॅरिटीतून जाणाऱ्या आर्कचे घटक आणि रिझोल्यूशनमध्ये तिच्या जागी येणारे आवश्यक तुकडे एकास एक जुळतात का? त्याचा लेख १९६८ च्या सुमाराचा, छापला १९९५ मध्ये. क्ष·य = झ³ घ्या: आरंभबिंदूतून जाणाऱ्या आर्कमध्ये झ ची ऑर्डर १ असेल तर क्ष आणि य च्या ऑर्डरची बेरीज ३, म्हणजे (१,२) किंवा (२,१). दोन घटक, आणि मिनिमल (सगळ्यात छोट्या) रिझोल्यूशनमध्ये आरंभबिंदूच्या जागी येणारे वक्र, म्हणजे एक्सेप्शनल वक्रही दोनच. पृष्ठभागांसाठी ही जुळणी कायम होते हे फर्नांदेस दे बोबादिया आणि पे पेरेइरा यांनी २०१२ मध्ये सिद्ध केलं. चार आणि वरच्या मितींत ती मोडते हे इशी आणि कोलार यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं. एमएस्सीला सिद्धता झेपणार नाही, उदाहरणं झेपतील.

पडताळणीला मॅकॉले-२ हे बीजगणिताचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात ‘जेट्स’ नावाचं पॅकेज आहे. म = ५ लाच १२ चलं होतात, तेव्हा अख्ख्या आयडियलवर थेट प्रायमरी डीकम्पोझिशन (घटकांत फोड) चालवू नका; य१² सारखी पदं नको ते घटक दाखवतात आणि वेळही खातात. आधी क्ष० = य० = ० घालून फायबरचं रॅडिकल काढा, मुख्य घटक हवा असेल तर (क्ष०, य०) ने सॅच्युरेट करा, म्हणजे आरंभबिंदूवरचे घटक गळून पडतात. समीकरणं अवकलनाने काढत असाल तर फॅक्टोरियल मधे येतात आणि कॅरॅक्टरिस्टिक म पेक्षा मोठी नसेल तर ते गणित बिघडतं. मालिका घालून विस्तार केला की ती अडचण येत नाही.