आमचे स्क्रू एस.एस. (स्टेनलेस स्टील) ३०४ चे आहेत, त्यात १८ टक्के क्रोमियम असतं, मग ते रोहसमध्ये (इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा नियम) पास कसं होणार?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हेच मी पण एकदा विचारलं होतं. मी अंबडला एका टर्निंग शॉपमध्ये क्वालिटी बघतो. आमच्या एका कस्टमरने इनवर्डला एक्सआरएफ गन (एक्स-रेने धातूत काय काय आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) लावली, स्क्रीनवर क्रोमियम १८ टक्के आलं आणि सगळा लॉट होल्डवर. लिमिट ०.१ टक्के आणि आमचं १८, शेठनी मलाच फोनवर झापलं.

पण रोहसमध्ये बंदी क्रोमियमवर नाहीये, हेक्सावॅलंट क्रोमियमवर (त्याच्या विषारी रूपावर, आम्ही नुसतं हेक्स म्हणतो) आहे. स्टीलमध्ये वितळून मिसळलेलं क्रोमियम धातूच्या रूपात असतं आणि वरचा जो पातळ थर गंज येऊ देत नाही तो ट्रायव्हॅलंट (बंदी नसलेल्या रूपातल्या) क्रोमियम ऑक्साइडचा असतो. गनला हा फरक कळतच नाही, ती फक्त एकूण क्रोमियम सांगते. हेक्स आहे का ते बघायला भाग पाण्यात उकळून रंगाची टेस्ट करतात, लॅबला आयईसी ६२३२१ (या टेस्टचं स्टँडर्ड) सांगितलं की कळतं त्यांना. निकेलचं पण टेन्शन घेऊ नका, ते रोहसच्या यादीतच नाही (अंगाला लागणारी वस्तू असेल तर रीच या युरोपच्या दुसऱ्या केमिकल कायद्यात निकेलचा वेगळा नियम आहे, तो भाग निराळा).

म्हणजे साधा ३०४ किंवा ३१६ चा भाग बिनधास्त द्या. खरी गडबड एस.एस.च्या आजूबाजूला असते. आमचा दुसरा एक लॉट खरंच रिजेक्ट झाला तेव्हा ब्रॅकेट एस.एस.चं होतं पण त्यात प्रेस केलेला स्टड एम.एस.चा (साध्या स्टीलचा), यलो पॅसिव्हेशन म्हणजे गंज रोखणारा पिवळा थर दिलेला, आणि तो पिवळा रंग जुन्या पद्धतीचा म्हणजे हेक्स क्रोमचा निघाला. मी म्हटलं अहो एवढ्या मोठ्या ब्रॅकेटमध्ये तेवढासा थर, टक्केवारी काढली तर काहीच नाही. तर तसं चालत नाही, थर वेगळा मोजतात, त्या थराच्याच वजनावर ०.१ टक्का, पूर्ण भागाच्या वजनावर नाही. प्लेटिंगवाल्याकडून ट्रायव्हॅलंट असं लेखी घ्या, "हो हो रोहसचंच आहे" हे तोंडी सगळेच म्हणतात.

मशीनिंगला सोपं म्हणून ३०३ वापरत असाल तरी चिंता नाही, त्यात सल्फर असतं, शिसं नाही. पण पिना ईएन१ए लेडेड (मशीनिंगला सोपं, शिसंवालं स्टील) च्या असतील तर त्यात शिसं मुद्दाम घातलेलं असतं, साधारण ०.१५ ते ०.३५ टक्के, म्हणजे लिमिटच्या वर. मशीनिंगच्या स्टीलला ०.३५ पर्यंत सूट मिळत आलीये पण सूट मुदतीची असते, आज लागू आहे का ते बघा आणि डिक्लेरेशनमध्ये सूट घेतली असं स्पष्ट लिहा, लपवू नका. पितळेला शिशाची तशीच सूट ४ टक्क्यांपर्यंत.

आणि हो, पीव्हीसी स्लीव्ह, रबर वॉशर असेल तर २०१९ पासून चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी केमिकल) पण रोहसच्या यादीत आलेत, एकूण दहा पदार्थ झाले, आमच्याकडे अजून कित्येक जण सहाचंच जुनं सर्टिफिकेट पाठवतात आणि ते परत येतं.

तुमच्या स्क्रूवर प्लेटिंग आहे का नुसता एस.एस. आहे? नुसता असेल तर मिलची टीसी (स्टील बनवणाऱ्याचं टेस्ट सर्टिफिकेट) आणि एका पानाचं डिक्लेरेशन पुरेल, आमच्या त्या होल्डवरच्या लॉटला शेवटी तेवढंच लागलं.